प्रवाळ मिटलंय? आधी बाटली खाली ठेवा: घरच्या रीफ टाकीतलं आजारपण ओळखण्याची पद्धत

सकाळी दिवे लागले, मासे खायला वर आले, आणि डाव्या कोपऱ्यातलं लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ) मात्र मिटलेलं. काल संध्याकाळपर्यंत छत्रीसारखं पसरलेलं होतं. आज टोपी आक्रसलेली, पॉलिप (फुलासारखी दिसणारी बारीक तोंडं) आत ओढलेले, वर मेणासारखी चकाकी. नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथेच. मोबाइलवर फोटो काढला जातो, दुकानदाराला पाठवला जातो आणि संध्याकाळपर्यंत घरात एक औषधाची बाटली येते.

हा लेख त्या बाटलीच्या आधी काय करायचं यावर आहे. माझ्या पुण्यातल्या रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळं पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आणि ओळखीच्यांच्या टाक्यांत जेवढी आजारी प्रवाळं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना रोग झालेलाच नव्हता. घरात काहीतरी बदललं होतं. पाणी बदललं, हवा बदलली, दिवा बदलला, पंख्याची दिशा बदलली. प्रवाळ जागचं हलू शकत नाही. आवडलं नाही तर मिटणं, आक्रसणं, रंग सोडणं एवढंच त्याच्या हातात असतं. म्हणून कारण शोधताना टाकीइतकंच घरही तपासावं लागतं.

आपल्याकडे कोणतं प्रवाळ आहे?

निदानाची सुरुवात इथून, कारण मऊ आणि दगडी प्रवाळांची दुखणी वेगळी. लेदर, झोआ (चटईसारखे पसरणारे झोअँथिड), मशरूम, झेनिया ही मऊ मंडळी. त्यांना चुन्याचा कडक सांगाडा नसतो. अॅक्रोपोरा, माँटिपोरा, टॉर्च, हॅमर ही दगडी.

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. मालवणला स्नॉर्केलिंगला गेल्यावर पायाशी दिसलेला तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे, आणि 'गुपचूप मिळतंय' म्हणून कोणी दगडी प्रवाळ देऊ केलं तर नकोच म्हणा. मऊ प्रवाळ घेतानाही ते कुठून आलं हे विचारा, बिल घ्या. त्यामुळे पुढचं बरंचसं मार्गदर्शन मऊ प्रवाळांबद्दल आहे. दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी अशा ठिकाणी राहणारे आणि तिथल्या नियमांनुसार फार्ममध्ये वाढवलेलं दगडी प्रवाळ पाळणारे मराठी वाचकही असतील. त्यांच्यासाठी वेगळा भाग पुढे आहे.

पहिली पायरी: आज काही ओतू नका

टाकीला आलेला एक धक्का प्रवाळ बहुधा सोसतं. त्यावर आपण घाबरून दिलेला दुसरा धक्का त्याला मारतो. मिटलेलं प्रवाळ दिसलं की लोक एकाच दिवशी अर्धं पाणी बदलतात, खडक हलवतात, दिवा कमी करतात आणि वर आयोडीन टाकतात. दोन दिवसांनी ते उघडलं तरी कशाने उघडलं ते कळत नाही. मेलं तर कशाने मेलं तेही नाही.

तीन प्रसंगांत मात्र थांबायचं नाही. पाण्याला किंवा प्रवाळाला कुजका वास येत असेल, प्रवाळावर तपकिरी जेलीसारखा गोळा दिसत असेल, किंवा मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील, तर त्याच तासाला हालचाल करा. वास आणि जेली असेल तर ते प्रवाळ बाहेर काढा. मासे धापा टाकत असतील तर आधी हवेचा पंप लावा, मग तयार खारं पाणी असेल तर पाणी बदला.

दुसरी पायरी: नीट बघा

निळ्या दिव्यात सगळीच प्रवाळं सुंदर दिसतात. निदानासाठी पांढरा दिवा लावा. मोबाइल दररोज त्याच जागी धरून, त्याच वेळी फोटो काढा. डोळा रोज बघून सरावतो आणि हळूहळू होणारा बदल त्याला दिसत नाही. आठवड्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की दिसतो.

मग पंप दोन मिनिटं बंद करा आणि जवळून पाहा. देठ घट्ट आहे की लिबलिबीत? बुडाशी काळपट डाग आहे का? फिकेपणा वरच्या बाजूला, म्हणजे दिव्याकडे, जास्त आहे की सगळीकडे सारखा? एकाच बाजूने खराब झालं असेल तर त्या बाजूला काय आहे: पंपाचा झोत, की दुसरं प्रवाळ?

रात्री दिवे गेल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन परत या. तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद लावला तर जीव पळत नाहीत. दिवसा खडकात लपणारे खेकडे, किडे, गोगलगाई तेव्हा बाहेर असतात. तुमचं प्रवाळ कोणी कुरतडत असेल तर चोर याच वेळी सापडतो.

तिसरी पायरी: दिसतंय ते नेमकं काय?

मिटणं, फिकटणं, तपकिरी पडणं आणि गळून पडणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिके सगळ्यांनाच 'कोरल मरतंय' म्हणतात आणि तिथेच वाट चुकते.

मिटणं हे सगळ्यात कमी काळजीचं. लेदर कोरलचं तर ते नेहमीचंच. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते कात टाकतं. पॉलिप आत घेतं, अंगावर दुधावरच्या सायीसारखा पातळ, चकचकीत पापुद्रा धरतं आणि चार-आठ दिवस, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा तसंच बसतं. या पापुद्र्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळ आणि घाण निघून जाते. मग एके दिवशी तो सुटतो आणि प्रवाळ आधीपेक्षा टवटवीत होऊन उघडतं. या काळात त्याला हवा असतो तो पाण्याचा चांगला, फिरता प्रवाह, म्हणजे पापुद्रा लवकर सुटेल. बोटाने खरवडू नका. कात टाकणारं लेदर आणि कुजणारं लेदर यांत फरक ओळखायची खूण देठात आहे. कात टाकताना देठ घट्ट असतो, वास येत नाही. कुजताना बूड मऊ, काळं किंवा तपकिरी होतं, बारीक धागे सुटतात आणि नाकाला लगेच कळतं.

झोआ मिटले तर आधी बघा, सगळे मिटलेत की एका कोपऱ्यातले? सगळे असतील तर पाण्यात किंवा दिव्यात काहीतरी आहे. एकाच कोपऱ्यातले असतील तर कोणीतरी त्रास देतंय, किंवा वर शेवाळाचे तंतू रेंगाळतायत. मशरूम आक्रसून बटणाएवढं झालं तर बहुतेक वेळा प्रकाश किंवा झोत जास्त झालेला असतो. त्याला सावली आणि संथ पाणी मानवतं. खडक सोडून ते तरंगायला लागलं तर जागा पसंत नाही हे त्याने सांगितलं असं समजा. झेनिया मात्र लहरी. आज डुलतंय आणि उद्या विरघळलंय, हे त्याच्या बाबतीत अनुभवी लोकांनाही चुकलेलं नाही.

फिकटणं समजायला थोडं आत जावं लागतं. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवालजीव राहतात. ते प्रकाशावर अन्न बनवतात, प्रवाळ त्यातला मोठा वाटा खातं, आणि त्याचा तपकिरी-सोनेरी रंगही त्यांचाच. पाणी तापलं किंवा प्रकाश एकदम वाढला की ही भागीदारी बिघडते आणि प्रवाळ त्यांना बाहेर काढतं. मागे राहतं ते पारदर्शक अंग. दगडी प्रवाळात त्यातून पांढरा सांगाडा दिसतो, मऊ प्रवाळ दुधी दिसतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात हेच घडतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये ते भोगलं, २०२४ मध्ये पुन्हा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने जगभरातलं चौथं ब्लीचिंग जाहीर केलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर जेमतेम एक अंश, तेही काही आठवडे टिकलं, की खडकच्या खडक पांढरे पडतात. घरातल्या टाकीत 'दोनच अंश तर वाढलंय' असं म्हणताना हे आठवावं.

ब्लीच झालेलं प्रवाळ मेलेलं नसतं. अंग शाबूत आहे, स्पर्शाला आक्रसतंय, तोवर ते परत येऊ शकतं. पण ते उपाशी आहे. दिवा कमी करा, तापमान स्थिर ठेवा, आणि खाणारं प्रवाळ असेल तर अगदी बारीक अन्न थोडं थोडं द्या.

सगळीकडे सारखा, हळूहळू आलेला फिकेपणा वेगळा. त्याचं कारण अनेकदा अति स्वच्छता. नवी मंडळी नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणतात आणि खूष होतात. शून्य म्हणजे झूझँथेलीची उपासमार. वर अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट माजतात, म्हणजे वाळूवर आणि खडकावर तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे. याच्या उलट, रंग जाऊन प्रवाळ तपकिरी पडत असेल तर पाण्यात खत जास्त झालंय किंवा प्रकाश कमी पडतोय. ते दिसायला वाईट, पण जिवावरचं नाही.

शेवटचं गळणं. अंग सांगाड्यावरून किंवा खडकावरून सुटतंय, मागे उघडा पांढरा सांगाडा किंवा चोथा राहतोय. हे खरं संकट. त्याची मर्यादा पेन्सिलीने कागदावर काढून ठेवा, किंवा फोटोवर रेघ मारा. उद्या तीच रेघ ओलांडली असेल तर ते पसरतंय.

चौथी पायरी: मोजा, आणि याच क्रमाने

आधी तापमान. सकाळी सहाला आणि दुपारी चारला, अशा दोन वेळा. नुसतं २६ दिसलं म्हणून समाधान मानू नका. रात्री २५ आणि दुपारी २९ असेल तर तो चार अंशांचा झोका रोज चालू आहे. २५ ते २६ अंश सेल्सिअस उत्तम, २७ पर्यंत चालतं.

मग सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) वापरत असाल तर तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ ला चुकू शकतं. निम्म्या गोंधळांचं मूळ इथे सापडतं. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या माझ्या टाकीतून दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टाकीत चार दिवस पाणी घालायचं राहिलं तर ३५ चं ३८ होतं. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, आरओ-डीआय (आरओ आणि मग डीआयोनायझरमधून गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने करायची. खारं पाणी घातलं तर मीठ साचत जातं. ही चूक फार जण करतात.

तिसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसायची ताकद. आपण 'केएच' म्हणतो ती, आणि डीकेएच हे तिचं एकक. ७ ते ११ डीकेएच यांत कुठेही चालेल, पण रोज तीच राहिली पाहिजे. मग अमोनिया: शून्यच हवा. नायट्रेट २ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, पण फक्त मऊ प्रवाळं असतील तर हे दोन आज नाही मोजले तरी चालतील. एखादा आकडा विचित्र आला तर टाकी दुरुस्त करायला धावण्याआधी किटची मुदत बघा, आणि दुसऱ्या किटवर पुन्हा मोजा.

सगळं वहीत लिहा. तारीख, वेळ, आकडा. वही नसेल तर पुढची पायरी अवघड जाते.

पाचवी पायरी: घराची चौकशी

गेल्या पंधरा दिवसांत घरात काय बदललं? टाकीतलं नाही, घरातलं. घरातल्या सगळ्यांना विचारा, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा. मी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

पाणी कुठून येतं? स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकीला चालतं असा समज आहे. त्या यंत्रात पाण्याला चव यावी म्हणून बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. त्यामुळे टीडीएस मीटर शून्याऐवजी ३०, ५०, कधी ८० दाखवतो, आणि त्याबरोबर नळाच्या पाण्यातलं जे काही असेल ते टाकीत जातं. हल्ली पाण्यात तांबं मिसळणारे प्युरिफायर घरोघरी आहेत. माणसाला चालत असेल, पण तांबं प्रवाळ, गोगलगाई आणि कोळंबीला अगदी थोडं असलं तरी विष आहे. नाशिकच्या एका ओळखीच्या घरी आधी गोगलगाई मेल्या, मग कोळंबी, मग झोआ मिटले. मासे मात्र मजेत होते. महिनाभर सगळ्यांनी पाण्याचे आकडे तपासले, सगळे ठीक. कारण निघालं ते स्वयंपाकघरातला नवा प्युरिफायर. बिनकण्याचे जीव जातायत आणि मासे ठीक आहेत, अशी जोडी दिसली की धातूचा किंवा कीटकनाशकाचा संशय घ्या. तांब्याच्या हंड्यातलं, कळशीतलं पाणीही याच कारणासाठी नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याची असतात. ती प्रवाळाच्या टाकीत कधीही नकोत. टाकीसाठी शून्य टीडीएसचं आरओ-डीआय पाणी आणि फक्त टाकीचीच अशी वेगळी बादली ठेवा.

हवा. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि हवेचा पंप खोलीतली हवा सतत पाण्यात ओढतात. डास पळवणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये पायरेथ्रॉइड कीटकनाशकं असतात. ती कीटकांसाठी बनवलेली, आणि कोळंबी-खेकडे कीटकांचे चुलत भाऊ. पावसाळ्यात सोसायटीत धुराची फवारणी झाली, घरात पेस्ट कंट्रोल झालं, फरशी फिनाइलने पुसली, रूम फ्रेशनर मारला, की ते सगळं पाण्यात. एका दिवाळीआधी आमच्या खिडक्यांच्या ग्रिलला ऑइलपेंट दिला होता. वास जाईना म्हणून हॉलचं दार लावून ठेवलं, टाकी आतच. तिसऱ्या दिवशी झेनिया विरघळलं, लेदर मिटलं ते दहा दिवस. मी तेव्हा केएच आणि नायट्रेट मोजत बसलो होतो. वास नाकात असूनही संबंध जोडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. अशा वेळी खिडक्या उघडा, स्किमरची हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर न्या, धुतलेला अॅक्टिवेटेड कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) लावा आणि दोन-तीन दिवसांत थोडं थोडं पाणी बदला.

हात. सॅनिटायझर, क्रीम, डासांचं मलम लावलेला हात टाकीत गेला का? घरात लहान मूल असेल तर प्रेमाने विचारा. रागावलात तर खरं उत्तर मिळणार नाही.

वीज. रात्री दोन तास लाइट गेली होती आणि आपण झोपलो होतो, असं होतं. प्रवाह थांबला की ऑक्सिजन उतरतो, आणि सगळ्यात आधी खडकातले बारीक जीव गुदमरतात. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंप) आणि एक हवेचा पंप जोडलेला असावा.

ऋतू. एप्रिल-मेमध्ये पंख्याने पाणी उडवून टाकी थंड ठेवता येते, पण कोरड्या हवेत. नागपूर-पुण्यात तो दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तितका नाही, तिथे चिलर किंवा एसी लागतो. पावसाळ्यात खिडक्या बंद राहतात, खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. ७.८ च्या खाली रोज जात असेल तर औषधापेक्षा खिडकी उघडा.

दिवा आणि कार्बन. नवीन एलईडी लावला, जुना पुसून स्वच्छ केला, किंवा वेळ वाढवली? पाणी पिवळट झालं होतं म्हणून एकदम भरपूर कार्बन टाकला तर पाणी स्वच्छ होतं आणि प्रवाळावर अचानक जास्त प्रकाश पडतो. वरून फिकटलेलं प्रवाळ असेल तर ही शक्यता आधी पाहा. मशरूमला ५० ते १०० पीएआर (प्रवाळाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, लेदर आणि झोआला १०० ते १५० च्या आसपास. दुकानातून आणलेलं नवं प्रवाळ आधी खाली वाळूवर ठेवून दोन-तीन आठवड्यांत वर न्यावं.

वेव्हमेकरचं चुंबक काढून बघा. त्याच्या वेष्टणाला तडा जाऊन आत गंज धरलेला असू शकतो. पाण्यात धातू येण्याचा तो एक नेहमीचा रस्ता आहे.

सहावी पायरी: शेजारी आणि कीड

प्रवाळं एकमेकांशी भांडतात. लेदर पाण्यात विषारी रसायनं सोडतं. म्हणून लेदर आणि दगडी प्रवाळ एकत्र असलेल्या टाकीत कार्बन सतत हवा. टॉर्च आणि गॅलॅक्सिया ही दगडी प्रवाळं रात्री लांब दंशतंतू बाहेर काढतात, दिवसा दिसणाऱ्या अंतरावर विसंबू नका. मासेही बघा. दिसायला गोड अशी काही छोटी एंजेलफिश झोआ आणि लेदर टोचत असते.

झोआंसाठी रात्रीची विजेरी खरी कामाला येते. झोआ खाणारा न्यूडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) त्यांचाच रंग अंगी घेतो आणि मिटलेल्या पॉलिपसारखाच दिसतो. सूर्यचक्रासारखी काळी-पांढरी नक्षी असलेली सनडायल गोगलगाय दिसली तर लगेच काढा. दिसायला सुंदर, पण झोआ हेच तिचं जेवण. पॉलिपच्या बाजूला बारीक पांढरट पुटकुळ्या असतील तर तो झोआ पॉक्स, झोआंचा एक रोग.

मोठ्या सिरिंजने प्रवाळावर टाकीचंच पाणी जोरात मारा. काय उडतंय ते बघा. एवढ्यानेच अनेक किडे सापडतात.

दगडी प्रवाळ असेल तर

इथे सगळ्यात आधी केएच. अॅक्रोपोराची टोकं जळल्यासारखी पांढरी पडली तर गेल्या आठवड्यातले केएचचे आकडे बघा. तो बहुधा उडी मारलेला असतो. वाढवायचा असेल तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नको. अंग बुडाकडून हळूहळू वर सुटत असेल तर सावली किंवा अस्थिर पाणी. काही तासांत, एका दिवसात अख्खी फांदी सोलली जात असेल तर तो आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे अंग झपाट्याने मरणं). अजून रंग असलेल्या फांद्या जिवंत भागातून कापून दुसरीकडे चिकटवा, मूळ तुकडा वाचण्याची आशा थोडी असते.

अॅक्रोपोरावर गोल फिकट चावे दिसले तर ते खाणारे चपटे कृमी. माँटिपोराच्या खालच्या बाजूला कुरतडल्यासारखे पांढरे डाग म्हणजे पांढरा न्यूडिब्रँक. डिपमध्ये, म्हणजे औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवल्यावर, प्रौढ मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून अंडी ब्लेडने खरवडायची आणि पाच-सात दिवसांच्या अंतराने डिप पुन्हा पुन्हा, निदान महिनाभर. टॉर्च, हॅमरवर तपकिरी जेली दिसली की पंप बंद करा, नाहीतर ती उडून शेजारच्याला लागते. नळीने जेली ओढून घ्या, ते डोकं कापून बाजूला करा, उरलेलं आयोडीनच्या डिपमध्ये घालून वेगळ्या टाकीत ठेवा.

सातवी पायरी: आता उपाय, पण एक

कारण सापडलं असेल तर तेवढंच काढा आणि तीन दिवस थांबा. सापडलं नसेल तर टाकीला सहसा अपाय न करणाऱ्या दोन गोष्टी आहेत: थोडासा ताजा कार्बन, आणि त्याच तापमानाच्या, त्याच सॅलिनिटीच्या पाण्याने १० ते १५ टक्के पाणी बदल.

डिप करायचा तर टाकीचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, बाटलीवर दिलेलं प्रमाण आणि वेळ पाळा, नंतर स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळा आणि डिपचं पाणी फेकून द्या. लेदरचं कुजलेलं बूड धारदार, स्वच्छ ब्लेडने निरोगी, घट्ट भागापर्यंत कापून टाका. टोपीचा चांगला तुकडा संथ पाण्यात जाळीखाली खडकाच्या तुकड्यावर ठेवला तर साधारण दोन आठवड्यांत धरतो.

झोआ आणि त्यांच्या जातभाई पॅलिथोआला हात लावताना रबरी हातमोजे आणि चष्मा अवश्य घाला. यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. ते १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून वेगळं काढलं गेलं. कापताना चिळकांडी डोळ्यात जाऊ शकते. आणि झोआ असलेला खडक 'निर्जंतुक' करायला कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका. वाफेतून हे विष घरभर पसरतं आणि माणसं दवाखान्यात भरती होतात. हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी करा. काम झाल्यावर ताप, छातीत घट्टपणा, तोंडात धातूची चव असं वाटलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा.

किती दिवस वाट पाहायची?

कात टाकणाऱ्या लेदरला तीन आठवडे द्या. मिटलेल्या झोआंना, कारण काढल्यावर, आठ-दहा दिवस. ब्लीच झालेल्या प्रवाळाचा रंग यायला महिने लागतात आणि तो डागाडागांनी येतो, आधी सावलीच्या बाजूने. रोज हलवून बघू नका.

सुधारणेच्या खुणा बारीक असतात. मिटलेल्या लेदरच्या कडेला दिवे लागल्यावर दोन-चार पॉलिप बाहेर येतात आणि बाकीचे आतच असतात. झोआंच्या चटईच्या टोकाला मोहरीएवढा नवा पॉलिप दिसतो. गळण्याची रेघ फोटोवर मारली होती तिथेच तीन दिवस थांबलेली असते. हे दिसलं की दिवा, खाणं, पाणी बदल, काहीच वाढवू नका. आहे तसं आणखी आठवडाभर चालू द्या, आणि वहीत त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.